कोळेकरबाईंची डबल बेल

कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. लाल गाडीने फिरणाऱ्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या रोजच्या प्रवाशांना मात्र आणखी एक गोष्ट माहीत होती. सुभद्रा कोळेकर यांची डबल बेल डोळे मिटूनही ओळखू यायची. पहिली घंटी तुटक, दुसरी जराशी रेंगाळलेली. पहिलीने ड्रायव्हरला सावध करायचे आणि दुसरीने पायरीवर लोंबकळणाऱ्याला आत यायला सवड द्यायची, असा तिचा अर्थ ड्रायव्हर शफीकभाई लावत. बाईंना विचारले तर त्या म्हणत, "अर्थ कसला त्यात? हातच तसा हाय."

त्या वर्षांत मी बारामतीत राहून इंदापूरच्या बातम्या करत होतो. सकाळच्या गाडीने जायचे, तहसील आणि बाजार समिती उरकायची, दुपारनंतरच्या गाडीने परतायचे. बहुतेक वेळा स्टिअरिंगवर शफीकभाई आणि दारात कोळेकरबाई असत.

उंची बेताची, अंग काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. खाकी ड्रेसला इस्त्री कडक, पायांत मात्र साध्या रबरी चपला. तिकिटे यंत्रातून निघू लागून बराच काळ लोटला होता, तरी जुना तिकिटाचा चिमटा त्यांच्या चामडी पिशवीत असे. भोके पाडायला आता काही उरले नव्हते. तो त्या सीटच्या दांडीवर वाजवत. "तिकीट, तिकीट" असे ओरडत फिरणे त्यांना आवडत नसे. चिमटा वाजला की लोकांचे हात आपोआप खिशाकडे जात.

"गाडी कुणासाठी थांबत न्हाय," हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते त्या नेमक्या अशा वेळी म्हणत, जेव्हा लांबून कुणीतरी पिशवी सांभाळत पळत येत असे आणि त्याच्यासाठी गाडी थांबलेली असे. शफीकभाई आरशातून बघत इंजिनाची घरघर चालू ठेवत.

बायकांना अर्धे तिकीट सुरू झाले त्या दिवसांतली गोष्ट. निमगाव केतकीला एक म्हातारी चढली. सवलतीची बातमी तिच्यापर्यंत पोचली नव्हती. हातात अर्ध्या दराचे तिकीट पडल्यावर तिने ते परत केले. अर्ध्या तिकिटात आपल्याला मधेच कुठेतरी रानात उतरवणार, असा तिचा पक्का समज झाला. समजावायला निम्मी गाडी पुढे आली, म्हातारी ऐकेना. शेवटी बाई म्हणाल्या, "आजी, तिकीट अर्धं हाय. तुमी आख्ख्या बसा." म्हातारी बसली, पण इंदापूर येईपर्यंत तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली नाही.

बाईंचे माहेर कोऱ्हाळे बुद्रुकचे. आजोबांची मेंढरे होती. वडिलांनी ती विकून ऊस लावला. सासर भवानीनगरचे, नवरा कारखान्यात कामाला. घर थांब्याच्या अगदी मागे, मधे फक्त एक चहाचे दुकान. आजोबांचा विषय निघाला की त्या म्हणत, "आबा मेंढरं हाकायचा, मी माणसं हाकते. मेंढरं ऐकायची."

निमगावचे पानमळेवाले सकाळी गाडीच्या मागच्या भागात पानांच्या पाट्या चढवत. पाटी चढवताना बाईंचा हात लागे, आणि त्याबद्दल ओल्या फडक्यात गुंडाळलेली चार पाने त्यांच्याकडे येत. ती सासूबाईंसाठी. बाई स्वतः पान खात नसत.

आजार त्यांना पिशवीच्या पट्ट्याने दाखवला. पट्टा उजव्या खांद्यावरून छातीवर तिरका येतो. एका बाजूला तो रुतायला लागला. त्यांनी पट्टा सैल केला, मग आवळला, मग पिशवीलाच दोष दिला आणि आगारातून दुसरी पिशवी मागून घेतली. दुसरीही तिथेच रुतली, तेव्हा त्या बारामतीत डॉक्टरकडे गेल्या. तिथून पुण्याला. उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या, मग केमो, मग रेडिएशन.

हा सगळा काळ त्या गाडीवर नव्हत्या, आणि त्या काळातले मला ठाऊक आहे ते शफीकभाईंकडून. आपली पाळी नसेल त्या दिवशी ते पुण्याला जात. केमोच्या खोलीत खुर्च्या कमी आणि माणसे जास्त. एकदा ते पोचले तेव्हा बाईंच्या एका हाताला सलाईन होते आणि दुसऱ्या हाताने त्या लोकांना सरकवत होत्या. "पावणं, जरा आत सरका. ताईंना टेकू द्या. तुमचं इंजेक्शन दुपारी हाय, आत्तापास्नं जागा धरून काय करताय?" नर्सने शफीकभाईंना विचारले, बाई काय काम करतात. ते म्हणाले, "हेच."

निमगावची पाने मात्र थांबली नाहीत. पानमळेवाले पुडके ड्रायव्हरच्या केबिनमध्ये देत, परतीच्या फेरीत शफीकभाई ते भवानीनगरला चहाच्या दुकानात ठेवत. सून दवाखान्यात असतानाही सासूबाईंचे पान चुकले नाही.

उपचार संपले. डॉक्टरांनी काम करायला परवानगी दिली. जड उचलायचे नाही आणि उजवा हात जपायचा, एवढी अट घातली. आगारात त्यांना हलके काम देण्यात आले. पासच्या खिडकीत बसायचे. शाळा-कॉलेजची मुले आणि ज्येष्ठ नागरिक यांची कार्डे करायची.

हे काम आगारात सगळ्यांना हवे असते. डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची, ठरलेली वेळ, धूळ नाही, धक्के नाहीत. बाईंना ते न मागता मिळाले. देणाऱ्या व्यवस्थापकांच्या मनात चांगलेच होते. ते पोक्त, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. बाईंनी गाडी परत मागितली तेव्हा त्यांनी नाही म्हटले नाही. एवढेच म्हणाले, "मॅडम, तो हात वर जाऊन दोरी ओढू लागला की त्या दिवशी गाडी तुमची. आधी नाही. चालत्या गाडीत तुमचा तोल गेला तर मी तुमच्या घरच्यांना काय सांगू?"

शस्त्रक्रियेनंतर तो हात खांद्याच्या वर जात नव्हता. व्यवस्थापकांना ते माहीत होते. बाईंनाही.

आमच्या दैनिकाने त्या सुमारास एक पान करायला घेतले होते: कॅन्सरमधून उठून पुन्हा कामावर गेलेली माणसे. मी खिडकीशी गेलो. बाईंच्या डोक्यावर केस नुकते उगवले होते, बोटाच्या पेराएवढे. माझ्या पुढे रांगेत एक वयस्कर शेतकरी कार्डासाठी उभे होते. त्यांनी निरखून पाहिले आणि चौकशी केली, "बाई, तिरुपतीला जाऊन आला जणू?"

"त्याच्याबी पल्याड जाऊन आले, तात्या," बाई म्हणाल्या. "अंगठा ठेवा हितं. दाबून."

माझ्या प्रश्नांत एक प्रश्न असा होता की, सध्याच्या कामात तुम्ही समाधानी आहात का. कार्यालयाने दिलेल्या यादीतला प्रश्न, मी तसाच वाचला. बाईंनी यंत्रावरचा हात काढला.

"खुर्ची हाय, पंखा हाय, चा जाग्यावर येतोय. समद्यास्नी वाटतं, बाईचं बरं झालं. खोटं कशाला बोलू, पहिलं आठ दिवस मलाबी बरंच वाटलं." मग त्या म्हणाल्या, "पण गाडीवरनं घरी गेले का भाकरी कधी खाईन असं व्हायचं. हितनं गेल्यावर भूकच लागत न्हाय. आता ह्याला समाधान म्हणायचं का काय, ते तुमी ल्ह्या."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती छापून आली नाही. गाडीवर लोक त्यांना विचारत, गाडी कधी पोचणार, जागा आहे का, लासुर्ण्याला थांबणार का. खिडकीत येणारा प्रत्येक जण विचारतो, आता कसं वाटतंय. "दिवसभर आपली मीच. मला माझाच कट्टाळा आला."

पुण्याच्या दवाखान्यात त्यांना व्यायाम शिकवला होता. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि बोटे मुंगीसारखी भिंतीवरून वर चालवायची. बाईंनी तो काही दिवस केला. पण भिंतीवर बोटे चालवताना आपण काय करतोय हे कळत नाही, अशी त्यांची तक्रार. त्या माहेरी गेल्या आणि आजोबांच्या कळपातल्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली पितळी घंटी घेऊन आल्या. मेंढरे विकली तेव्हा तेवढी एक घंटी वडिलांनी ठेवली होती. घराच्या पुढच्या पडवीत आढ्याला ती बांधली, तिला सुताची दोरी लावली आणि दोरी लाल गाडीत असते तेवढ्या उंचीवरून आडवी ओढून घेतली. उंची शफीकभाईंनी गाडीतून मोजून आणून दिली.

ती दोरी मी पाहिली आहे. एका रविवारी शफीकभाईंबरोबर भवानीनगरला त्यांच्या घरी गेलो होतो. खाली एक लाकडी पाट ठेवलेला. सुरुवातीला त्यावर चढूनही बोटे दोरीला जेमतेम लागत. पुढे पाट गेला. हाताला सूज असे त्या दिवशी दवाखान्याने दिलेली घट्ट बाही चढवून सराव होई. सासूबाई पडवीत पान लावत बसल्या होत्या. त्यांना हा प्रकार पसंत नव्हता. त्या म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ टणाटण. लोकं इचारत्यात, घरात देव बसवलाय का?"

"आत्याबाई, देव जाग्यावर बसतोय," बाई म्हणाल्या. "मला बसायचं न्हाय."

शफीकभाई चहाच्या कपात बघून हसले. त्या दिवशी घंटी एकदाच वाजली. दुसऱ्यांदा हात वर जाताना बाईंनी ओठ घट्ट मिटले, आणि हात कानाच्या पाळीपर्यंत जाऊन थांबला. एका बेलने गाडी थांबते, सुटत नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, कारखाना चालू होता. सकाळची गाडी भवानीनगरला थांबली. मी गाडीत होतो. नवीन कंडक्टर तरुण होता, नोकरीत नुकताच लागलेला. एका बाईचे पोते उतरवून द्यायला तो खाली उतरला आणि पोते तिच्या डोक्यावर चढवेपर्यंत तिथेच थांबला. एवढ्यात डबल बेल झाली. पहिली तुटक, दुसरी रेंगाळलेली. शफीकभाईंनी गिअर टाकला आणि गाडी निघाली.

मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणाले, "कंडक्टर ऱ्हायला की." आधी लोकांना ती थट्टा वाटली. मग सगळ्यांनी मागे वळून पाहिले. दारात कोणी नव्हते.

"ड्रायव्हर म्होरं, कंडक्टर मागं," एक गृहस्थ म्हणाले. "आता तिकीट देवानं फाडायचं."

शफीकभाईंनी गाडी बाजूला घेतली. थोड्या वेळाने कंडक्टर आला, दुधाच्या मोटारसायकलवर, दोन किटल्यांच्या मधे बसून. पँटवर दूध सांडलेले. आत चढल्याबरोबर त्याने विचारले, घंटी कुणी दिली. प्रवाशांनी एकमेकांकडे पाहिले. दोरीजवळ उभा असलेला मुलगा दोन्ही हात वर करून म्हणाला, आपण हातही लावला नाही.

"कोळेकरबाईंनी दिली," शफीकभाई म्हणाले.

"त्या कुठायत?"

"घरी."

खिडक्या उघड्या होत्या, घर थांब्यामागे होते, पडवी रस्त्याकडे होती. बाई आगारात जाण्यापूर्वीचा सराव करत होत्या. मेंढ्याच्या घंटीचा आवाज गाडीच्या घंटीसारखा नाही. जाड आणि बसका आहे. नंतर मी शफीकभाईंना विचारले, इतकी वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाला हा फरक कसा कळला नाही. त्यांनी बराच विचार करून उत्तर दिले. "घंटी वेगळी होती, हे कानाला कळलं. पण हात तिचाच होता. हात ओळखला का माझा पाय आपोआप उठतो."

बाईंना हे दुपारी आगारात समजले. त्या खूष होतील अशी शफीकभाईंची कल्पना होती. बाई खिडकीतून उठून बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी शफीकभाईंना झापले. "आरसा कशाला दिलाय, भाई? माणूस खाली हुता. चाकाखाली आला असता तर? माझ्या घंटीवर गाडी काढायला मी गाडीत हाय का?" शफीकभाईंनी मान खाली घालून ऐकून घेतले. बाईंनी त्या दिवसापासून घरी एक नियम पाळला: गाडी थांब्यावर असेल तर दोरीला हात लावायचा नाही.

कंडक्टर मागे सोडून गाडी नेणे हा साधा प्रकार नव्हे. व्यवस्थापकांनी शफीकभाईंना बोलावले. आत काय झाले ते दोघांनीही मला स्वतंत्रपणे सांगितले, आणि दोन्ही हकिकती जुळतात. शफीकभाईंनी चूक कबूल केली. कारण विचारल्यावर घंटीचे सांगितले. व्यवस्थापकांना ते खोटे वाटले. एवढा जुना माणूस सबब म्हणून काहीतरी सांगतो आहे, असे वाटले.

"साहेब, मला काय द्यायची ती शिक्षा द्या," शफीकभाई म्हणाले. "फकस्त कागदावर कारण खरं लिहा. कोळेकरबाईंनी डबल दिली म्हणून गाडी काढली, असं लिहा."

"त्याने तुमची शिक्षा कमी होणार नाही."

"माझी न्हाय होणार. तिची होईल."

आपण काय अट घातली होती ती व्यवस्थापकांना आठवली. त्यांनी बाईंना खिडकीतून बोलावून घेतले आणि तिघेही बाहेर उभ्या असलेल्या एका रिकाम्या गाडीत चढले. आगारातले लोक काम सोडून खिडक्यांशी जमले. बाईंनी उजव्या हाताने दोरी ओढली. मग पुन्हा ओढली. व्यवस्थापकांनी, "परत एकदा," म्हटले. बाईंनी परत ओढली. ते खाली उतरले आणि कुणाकडे न बघता केबिनमध्ये गेले. शफीकभाईंना लेखी ताकीद मिळाली. तिच्यात कारण खरे लिहिले होते. पुढच्या महिन्यात, डॉक्टरांचा दाखला आल्यावर, बाईंना त्यांची गाडी मिळाली.

यानंतर सगळे पूर्वीसारखे झाले असे लिहिणे सोपे आहे, पण तसे झाले नाही. पिशवी आता डाव्या खांद्यावर होती आणि तिथे ती परकीच राहिली. पानांच्या पाट्यांना त्या हात लावत नसत. मळेवालेच लावू देत नसत. लासुर्ण्याच्या पुढे रस्ता मोकळा लागला की त्या दाराजवळच्या सीटवर बसत, पूर्वी कधी बसत नसत. गर्दीच्या दिवशी मागच्या लोकांचे पैसे आणि तिकिटे हातोहात पुढे-मागे जात. हे कुणी ठरवले नव्हते. संध्याकाळच्या फेरीला हात सुजलेला असे. मात्र चिमटा पुन्हा दांडीवर वाजू लागला, आणि पळत येणाऱ्यासाठी गाडी थांबलेली असताना "गाडी कुणासाठी थांबत न्हाय" हेही पुन्हा ऐकू येऊ लागले.

एकदा परतीच्या प्रवासात बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. पासच्या खिडकीतला तो प्रश्न मी पुन्हा विचारला: आता समाधान आहे का. त्यांनी डबा उघडला होता. बारामती जवळ आली होती, घरी पोचायला त्यांना अजून परतीची फेरी होती, आणि त्या अर्धी भाकरी ठेच्याबरोबर तिथेच खात होत्या. "काय म्हणाला?" त्यांनी घास चावत विचारले. तेवढ्यात पुढून कुणीतरी थांबायला सांगितले आणि त्या डबा सीटवर ठेवून उठल्या. मी पुन्हा विचारले नाही.

पुढे माझी बदली झाली. शफीकभाई निवृत्त झाले. इंदापुरात मुलाच्या दुकानात बसू लागले. गाड्या बदलल्या. अलीकडे एका कामासाठी इंदापूरला गेलो होतो. संध्याकाळी स्थानकावर शफीकभाई भेटले. बारामतीची गाडी लागलेली असली की ते दुकानातून उठून तिथपर्यंत येतात, असे त्यांच्या मुलाने सांगितले होते. आम्ही फलाटाच्या कडेला उभे राहिलो. गाडी नवी होती, दारे आपोआप बंद होणारी. नव्या गाडीत दोरी नसते. दाराजवळच्या खांबावर, कमरेच्या उंचीला, एक लाल बटण असते.

आत कोळेकरबाई होत्या. केस पांढरे झाले होते आणि पुन्हा अंबाड्याएवढे वाढले होते. शाळेच्या पोरींची गर्दी चढली, बाईंनी कुणाला तरी आत सरकवले, एकदा पायरीकडे पाहिले. ड्रायव्हर तरुण होता. तो बटणाची वाट बघत समोर पाहत होता.

बाईंचा उजवा हात वर गेला. डोक्यावरून वर, छताला टेकेपर्यंत. तिथे काही नव्हते. हात क्षणभर तसाच राहिला, मग खाली आला आणि अंगठ्याने बटण दोनदा दाबले. पहिले तुटक, दुसरे जरा जास्त वेळ.

गाडी वळून रस्त्याला लागली.

"दोरी नाही, हे त्या विसरल्या," मी म्हणालो.

"इसरली असेल," शफीकभाई म्हणाले. ते अजून गाडीच्या दिशेने पाहत होते. "पण कोपर बघितलं का? सरळ हुतं."